वर्गातच होत्या

"बाई वर्गातच होत्या," नवशी म्हणाली, आणि क्षणभर प्रभाला ते खरंच वाटलं.

मुख्याध्यापकांच्या ऑफिसात पंखा कुरकुरत फिरत होता. टेबलापलीकडे चौकशीसाठी पालघरहून आलेल्या विस्तार अधिकारी संखे मॅडम बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक सावे सर. अलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर टेकलेली दहावीतली नवशी, उजव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड. तिची आई रूपी दाराशी उभी होती. बसा म्हणून सांगूनही बसली नव्हती. त्या बाई, म्हणजे विज्ञान शिकवणारी प्रभा, भिंतीकडच्या बाकावर होती. तिचा स्वतःचा जबाब अजून व्हायचा होता. "वर्गात म्हणजे प्रयोगशाळेत?" संखे मॅडमनी विचारलं. "हो. प्रयोगशाळेतच होत्या. बाईंनी सांगितलं होतं, कुणी हात लावायचा नाही. मी ऐकलं नाही. मीच लावला." नवशी हे सगळं एका दमात बोलली. एरवी ती 'नाय' म्हणायची, आज 'नाही' म्हणाली, हे प्रभाच्या कानांनी टिपलं आणि मनाने तिथेच सोडून दिलं. संखे मॅडम लिहून घेत होत्या. सावे सर खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होते. त्याच वेळी प्रभाने तोंड उघडायला हवं होतं. नाही मॅडम, मी नव्हते, मी याच खोलीत होते, त्या कॉम्प्युटरसमोर. पण अपघात झाल्यापासून तिच्या पोटात आवळून बसलेलं काहीतरी त्या एका वाक्याने सैल झालं होतं, आणि ते इतकं बरं वाटत होतं की तिला हलावंसंच वाटेना. तापातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा भूक लागते तसं. संखे मॅडमनी घड्याळ बघितलं, त्यांना संध्याकाळच्या आत पालघर गाठायचं होतं. "बारी बाई, तुमचं सोमवारी घेते," त्या प्रभाला म्हणाल्या. "तसं आता फार काही राहिलं नाही म्हणा."

शाळेपासून तलासरी नाक्यापर्यंत शेअरची ईको गाडी मिळाली, आणि नाक्यावर डहाणूची एसटी. खिडकीपाशी बसल्यावर प्रभाने डोळे मिटले, आणि गेले कित्येक दिवस मिटल्या डोळ्यांसमोर येत होता तोच दिवस पुन्हा आला. दहावीचा वर्ग, उष्मादायी प्रक्रियेचा प्रयोग. एका पात्रात पाणी घ्यायचं, तापमान बघायचं, सोडियम हायड्रॉक्साईड घालून ढवळायचं, पुन्हा तापमान बघायचं. पोरांना या प्रयोगाचं भारी कौतुक. जाळ नाही, दिवा नाही, आणि काच हाताला गरम लागते. बाटलीतले पांढरे खडे दमट हवेने एकमेकांना धरून बसले होते, त्यांचं एक मोठं ढेकूळ झालं होतं. ते कसं फोडावं, या विचारात ती झाकण हातात धरून उभी होती, तेवढ्यात शिपाई पुष्पा दारात आली. "बाई, सरांनी लगेच बोलावलंय. साइट चालू झाली. तुमच्या मोबाईलवर नंबर येईल तो पायजे." शाळेची ऑनलाइन माहिती भरायचं काम प्रभाकडे होतं, कारण बाकी कुणाला जमत नव्हतं, निदान तसं सगळे म्हणत. सकाळपासून साइट बंद होती आणि माहिती त्याच दिवशी जायला हवी होती. ती मोबाईल घेऊन गेली. झाकण टेबलावर राहिलं, ते तिला नीट आठवत होतं, निळं झाकण, उलटं ठेवलेलं. ऑफिसात तिने नंबर टाकला, चक्र फिरत राहिलं, सावे सर म्हणाले, थांबा जरा, होईल. आणि मग ती किंकाळी. पुढचं सगळं तिच्या हातांना आठवत होतं, डोक्याला नाही. नवशीचं तोंड दोन्ही हातांनी झाकलेलं. बेसिनचा नळ कोरडा. पंप बिघडल्यापासून तो कोरडाच होता. मग तिला जवळजवळ उचलून व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी. मांडीवर तिचं डोकं, आपल्या बोटांनी उघडून धरलेल्या पापण्या, आणि पोरं भरून देत होती ते पेले एकामागून एक. "ओता. थांबू नका. ओता." नवशी पाय झाडत होती, प्रभाची साडी छातीपासून खाली ओलीचिंब झाली होती, आणि पिंप संपत आलं तेव्हा कुणीतरी बादली घेऊन बोअरिंगकडे धावलं होतं. तलासरीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पाणी घातलंत म्हणून डोळा राहिला. हे वाक्य प्रभाने जपून ठेवलं होतं. रात्री छातीवर हात ठेवतात तसं ती ते मनावर ठेवून झोपायची.

पण त्या वाक्याखाली दुसरं एक होतं. मी येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. दारातून बाहेर पडताना हे आपण म्हटलं होतं की नव्हतं? नोकरी लागल्यापासून प्रत्येक प्रयोगाच्या तासाला तिने ते म्हटलं होतं, इतकं की पोरं तिच्यामागून तिच्याच आवाजात तिची नक्कल करायची. कान दिला की तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, 'हात' वर दिलेला जोरही. फक्त तो त्या दिवसाचा होता की गेल्या वर्षीचा, की आणखी कुठल्या वर्गाचा, जिथली मुलं आता लग्नं होऊन झाईला, उंबरगावला, कुठे कुठे गेली होती, ते कळायला मार्ग नव्हता. आठवायला गेलं की आठवण हवी तशी होऊन समोर यायची. पुष्पा दारात, आपण वळतो, म्हणतो. पुन्हा, पुष्पा दारात, आपण वळतो, म्हणत नाही, मोबाईल शोधतो. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट. एसटी आशागडला थांबली, चिकूच्या टोपल्या घेऊन बायका चढल्या, आणि प्रभा जागा देण्यासाठी सरकली. नवशीने सांगितलं की आपण म्हटलं होतं. ती तर तिथेच होती. म्हणजे म्हटलं असेल. बाकी वर्गात असण्याचं ती खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली, पण हे कदाचित खरंच असेल. चिकूचा गोडसर, किंचित आंबूस वास बसभर पसरला आणि प्रभाला वाटलं, आज बऱ्याच दिवसांनी आपल्याला कसला तरी वास आला.

डहाणूत, मसोलीच्या घरी, नवरा ललित आधीच आलेला होता. तो रेल्वेत सिग्नल खात्यात होता आणि अपघाताच्या दिवसापासून त्याने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. आजही त्याने चहाचं आधण ठेवत विचारलं, "काय म्हणाली पोरगी?" प्रभाने सांगितलं. तो गॅसपासून वळला. "असं म्हणाली? स्वतःहून?" "हो." "देवासारखी भेटली गं तुला." त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो उजळलेला चेहरा पाहून प्रभाला आधी बरं वाटलं आणि मग थोडं कसंतरी. "हे बघ," तो म्हणाला, "आमच्याकडे काही झालं की पहिला प्रश्न एकच असतो, माणूस जागेवर होता का. होता, तर मग बाकीचं बोलता येतं. यंत्र बिघडलं, निरोप चुकला, काहीही. नव्हता, तर संपलं. तू जागेवर होतीस. ती म्हणते, सावे नाही म्हणत नाहीत, तू कशाला नाही म्हणतेस?" "मी कुठे नाही म्हणाले?" "चेहऱ्यावर दिसतंय." चहा दोघांनी ओट्यापाशी उभ्यानेच घेतला. ललित वाईट माणूस नव्हता. नवशीला पहिल्यांदा दवाखान्यात भेटायला तोच बरोबर आला होता आणि बाहेर येऊन बराच वेळ गाडीला किल्ली लावली नव्हती त्याने. पण त्याच्या जगात जे कागदावर आलं ते झालं, आणि जे आलं नाही ते झालं नाही. त्याखेरीज माणसं रुळांवर काम करू शकत नसतील, असं तिला वाटून गेलं.

रात्री कपडे घड्या करताना तिला स्वतःच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. डहाणूच्या शाळेत त्या मुलींना मागच्या ओळीत उभं करायच्या. "लांबून बघा गं, अंगावर उडेल." पुढच्या ओळीत मुलगे परीक्षानळ्या धरायचे, आणि मागून प्रभाला फक्त त्यांच्या माना दिसायच्या. कॉलेजात पहिल्यांदा नळी हातात आली तेव्हा ती किती हलकी असते याचंच तिला नवल वाटलं होतं. म्हणून शाळेत लागल्यावर तिने पहिल्या दिवसापासून मुलींना पुढे घेतलं. हातात द्यायची. घाबरू नका, धरा, बघा, काही होत नाही. नवशी तर नेहमी सगळ्यांच्या पुढे, बाह्या वर करून. तिच्या पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेल्या मुली थोड्याच होत्या, आणि त्यांतली कुणी प्रयोगशाळेची किल्ली आणायला अशी धावत नसे. डहाणूच्या त्या बाईंच्या वर्गात कधीच काही झालं नाही. त्यांची नोकरी निर्धोक गेली, आणि निरोप समारंभाला आम्ही सगळ्याजणी रडलो होतो, प्रभाला आठवलं.

रविवारी सकाळी ती पाड्यावर गेली. का, हे तिने ललितला सांगितलं नाही आणि स्वतःलाही नाही. बहुधा तिला आभार मानायचे होते, शब्दात नव्हे, नुसतं समोर जाऊन. बरोबर एक पपई घेतली. रस्ता संपतो तिथून शेताच्या बांधावरून चालत जावं लागतं. कुडाच्या घरापुढे अंगण सारवलेलं होतं आणि रूपी सुपात तांदूळ पाखडत होती. नवशीचा बाप वाडीवर चिकू उतरवायला गेला होता. रूपीने सूप बाजूला ठेवलं, खाट झटकून दिली, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. नवशी दारातच चौकटीला टेकून बसली. झापड काढलेली होती. डोळा लाल होता, आणि बुबुळावर, दुधात पाणी मिसळावं तसा एक फिकट डाग. प्रभाने तो पाहिला आणि बघणं थांबवलं नाही. तेवढं तरी आपण करायला हवं, असं तिला वाटलं.

"दुखतं का गं?"

"आता नाय दुखत. उन्हात गेली का पाणी येतं." मग जरा थांबून, हसून, "मी बरोबर बोलली ना, बाई? त्या मॅडमसमोर?"

प्रभाने मान हलवली, ती हो होती की नुसती हलली होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. रूपी तांब्या पुढे करत म्हणाली, "दोन दिस तेच चाललेलं हिचं. पाणी आणताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची. सर बोलले ना, एक शब्द इकडचा तिकडं नको."

"सर? सावे सर इथे आले होते?"

रूपीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तुमीच पाठवलेलं ना त्यांना?"

अंगणात एक कोंबडी सुपाकडे येत होती, रूपीने हातानेच तिला हाकललं. प्रभा म्हणाली, "नाही. मी नव्हतं पाठवलं."

"ते बोलले, बाईंचं काम हाय. बाईंची नोकरी जाईल, पोरीनं नीट सांगितलं नाय तर. न् चौकशी लांबली तर पोरीचा बोर्डाचा फॉर्म पण अडकल, मंग वरस जाईल. चांगलं बोलले हो, रागानं नाय. चा पिऊन गेले." रूपीच्या आवाजात तक्रार नव्हती. बाईंनी सर पाठवला, सरांनी सांगितलं, पोरीने केलं. बाईंनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, त्याची फेड झाली. तिच्या लेखी हा व्यवहार सरळ होता. आणि त्या सरळपणात प्रभा दोन दिवस उबेला बसली होती, ती ऊब आता अंगाला चिकटलेल्या ओल्या कापडासारखी लागू लागली. नवशीने माझ्यासाठी केलं, असं ती समजत होती. नवशीनेही ते तिच्यासाठीच केलं होतं. फक्त मध्ये तिचं नाव येऊन गेलं होतं, तिला न विचारता, सावे सरांच्या मोटरसायकलवर बसून.

"नवशी," ती म्हणाली, "मला एक सांग. त्या दिवशी पुष्पा मला बोलवायला आली. मी निघाले. निघताना मी काही म्हटलं होतं का? कुणी हात लावू नका, असं?"

नवशीने आईकडे पाहिलं. मग बाईंकडे. "काय सांगू, बाई?"

"जे झालं ते."

"बोललेल्या तुमी," नवशी म्हणाली. प्रभाचा चेहरा तसाच राहिला असावा, कारण नवशीचा चांगला डोळा त्यावरून फिरला, काहीतरी शोधून परत आला, आणि ती हळूच म्हणाली, "नाय बोललेल्या."

दोन्ही वेळा आवाज एकच होता. परीक्षेत उत्तर चुकलं की लगेच दुसरं सांगावं तसा. त्या क्षणी प्रभाला कळलं की जी एक गोष्ट तिला जगात सगळ्यात जास्त जाणून घ्यायची होती, ती या मुलीकडून आता कधीच कळणार नाही. विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर द्यायला तिला आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. मग त्या तिघी थोडा वेळ पपईबद्दल बोलल्या. रूपीने ती कापली, एका ताटलीत फोडी दिल्या, आणि प्रभाने सगळ्या खाल्ल्या, कारण ठेवून जाणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी ती शाळेत लवकर पोचली. व्हरांड्यात सावे सर भेटले, हातात चाव्यांचा जुडगा. ते उंच, थोडे वाकलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. प्रभाला नोकरी लागली तेव्हा तिचा पहिला तास त्यांनी मागे बसून ऐकला होता आणि छान म्हटलं होतं. "तुम्ही पाड्यावर गेला होतात," ती म्हणाली. "गेलो होतो," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच गेलो. आणि शाळेसाठी. बारी बाई, उद्या पेपरात आलं की इथे प्रयोगशाळा सहायक नाही, नळाला पाणी नाही, शिक्षिका वर्गात नाही, तर कोण पोरं पाठवेल? पंपासाठी मी किती पत्रं लिहिली ते मला माहीत. त्या जागेसाठीही." "मला तुम्ही बोलावलंत, सर." "बोलावलं. बाटली उघडी ठेवून या, असं म्हटलं होतं का मी?" ते खरं होतं.  पोरं प्रार्थनेसाठी मैदानात जमत होती. "मुलीने चूक केली, सगळ्यांनी मान्य केलं, तिला कुणी काही करणार नाही," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "कुणाचंच नुकसान नाही यात." प्रभाला त्या फिकट डागाची आठवण झाली. बोलायचं ते आत बोलायचं होतं.

आत तिने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. घाबरत होती त्यापेक्षा ते खूपच लहान निघालं. मी प्रयोगशाळेत नव्हते. मी या खोलीत होते. बाटली मी उघडी ठेवून आले. ढेकूळ फोडायचं होतं, ते नवशीने काचेच्या कांडीने फोडायला घेतलं, ते पाण्यात पडलं आणि पाणी तिच्या डोळ्यात उडालं. ती आज्ञा मोडून गेली नव्हती, ती मदत करत होती. तिला ती सवय मीच लावली. संखे मॅडमचं पेन थांबलं होतं. "बारी बाई, विद्यार्थिनीचा जबाब वेगळा आहे." "तो तिला पाठ करायला लावलेला आहे." सावे सर म्हणाले, "असा आरोप," आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "तुम्ही हे लिहून दिलंत तर त्याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना तुम्हाला?" संखे मॅडमच्या आवाजात धमकी नव्हती, थोडी कळकळच होती. "कळतंय." "बरं, सूचना? निघताना सूचना दिली होती?" प्रभा थांबली. तिचा आवाज तिच्या कानात स्वच्छ उमटला, 'हात' वर जोर दिलेला. हो म्हटलं असतं तर कुणी खोडून काढू शकलं नसतं. "आठवत नाही," ती म्हणाली. "होय म्हणा की नाही म्हणा, आठवत नाही असं कसं लिहू मी?" "तसंच लिहा, मॅडम. आठवत नाही."

नवशीला पुन्हा बोलावणं आलं. ती आत गेली आणि लवकरच बाहेर आली, आणि व्हरांड्यात प्रभा उभी होती तिच्यासमोर थांबली. तिचं तोंड लाल झालं होतं. "बाई, तुमी मला खोटी पाडलं," ती म्हणाली. "मॅडम बोलल्या, तू खोटं का सांगितलंस. सगळ्यांसमोर बोलल्या. मी तुमच्यासाठी बोललेली." ती वर्गाकडे निघून गेली. प्रभाने तिला हाक मारली नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं तिने ऐकलं होतं. तिला तसं काही वाटलं नाही, नुसते पाय दुखत होते, आणि पहिला तास आठवीवर होता तो घ्यायला ती गेली.

नंतरचं सगळं सावकाश, कागदांच्या गतीने झालं. शाळा चालवणाऱ्या संस्थेने तिला निलंबित केलं. सावे सरांना समज मिळाली, आणि ते ठरल्या वेळी निवृत्त झाले. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. नवीन आलेले मास्तर फळ्यावर आकृती काढून प्रयोग शिकवतात, असं पुष्पाने फोनवर सांगितलं. पंपही दुरुस्त झाला, आता नळाला पाणी येतं. ललित पहिले काही दिवस बोलला नाही. मग एका सकाळी भाजी निवडायला समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मी असतो तर नसतं सांगितलं." थोड्या वेळाने, शेंगेचा दोरा काढत, "पण मी असतो तर झोपही आली नसती." एवढंच. नवशीचा बोर्डाचा फॉर्म अडकला नाही, तो अडकणारच नव्हता. ती एका डोळ्याने अभ्यास करून परीक्षेला बसली. निकाल प्रभाने मोबाईलवर पाहिला. विज्ञानात तिला सगळ्यात कमी गुण होते.

मग उन्हाळ्यात रूपीचा फोन आला. वापीला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तिथे सगळं गुजरातीत आणि हिंदीत, बाप वाडीवर, "तुमी येता का बाई?" नवशीला विचारलं का, प्रभाने विचारलं. "तीच बोलली," रूपी म्हणाली, पण ते खरं की सोय, हे प्रभाने विचारलं नाही. आजकाल ती असं बरंच काही न विचारता सोडून देत असे.

दवाखान्यात गर्दी होती. नवशी नमस्कार करून बाकावर बसली. अंगाने थोडी भरली होती, केस मागे घट्ट बांधलेले. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि आतल्या भिंतीवरचा अक्षरांचा उजळलेला फलक बाकावरून दिसत होता. नवशी त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. प्रभाला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. मग तिचा नंबर आला. आतल्या मुलीने नवशीचा चांगला डोळा झाकला आणि फलकाकडे बोट केलं. "पढो." नवशीने वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, न अडखळता, भराभर. ती मुलगी खूश झाली. "अरे वा, बहुत अच्छा." रूपीने पदर तोंडाला लावला, तिचे डोळे भरून आले होते. प्रभाने मात्र तो सूर ओळखला. एका दमात, पाठ केलेला, मध्ये श्वास न घेता. तिला वाटलं, गप्प बसावं. आपण एकदा हिला खोटं पाडलं, सगळ्यांसमोर, आता पुन्हा कुठे. कशासाठी पाठ केलं असेल हिने? आई खूश व्हावी म्हणून. कदाचित मी खूश व्हावं म्हणून, म्हणजे मी घरी जाऊन झोपू शकेन. डोळा बरा झाला असं कागदावर आलं तर सगळ्यांचंच संपलं, कुणाचंच नुकसान नाही. ती तपासणाऱ्या मुलीकडे गेली नाही. नवशीच्या खुर्चीपाशी वाकली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवशी, मी काही बोलणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग. नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही."

 झाकलेला डोळा झाकलेलाच होता, आणि तो दुसरा, फिकट डागाचा, प्रभाच्या दिशेने वळला. थेट तिच्यावर नव्हे, थोडा बाजूला, खांद्याच्या पलीकडे. त्या डोळ्याला आपला चेहरा दिसत नाही, हे प्रभाला तेव्हा समजलं. त्यावरून काही वाचणं, जुळवणं, शोधणं शक्य नव्हतं.

"मला नाय दिसत," नवशी म्हणाली. "उजेड दिसतो. अक्षर नाय दिसत."

मग डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा तपासलं, बुबुळ बदलायच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलले, सुरतला नाव नोंदवावं लागेल, वेळ लागेल, पण आशा आहे. आज ही वाचते असं लिहिलं गेलं असतं तर नाव नोंदलंच नसतं, असंही ते ओघात म्हणाले. प्रभाने सगळं रूपीला मराठीतून समजावून सांगितलं, दोनदा.

बाहेर रस्त्याच्या कडेला तलासरीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत त्या उभ्या होत्या. रूपी उसाच्या रसाचे ग्लास आणायला समोर गेली. नवशी रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाई, तुमी त्या दिवशी काय नव्हतं बोललं. पुष्पाबाई आली न् तुमी तशाच गेल्या. मोबाईल शोधत होत्या."

एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत प्रभा उभी राहिली. दोन चित्रांतलं एक आता पुसलं गेलं होतं, आणि उरलेल्यात ती स्वतः होती, पर्समध्ये हात घालून, मुलांकडे पाठ करून.

"हो," ती म्हणाली. "तसंच असेल."

"तसंच होतं," नवशी म्हणाली.

रूपी ग्लास घेऊन येत होती, रस सांडू नये म्हणून हळू चालत. गाडी लांबून दिसली, तेव्हा तिघींनी तो घाईघाईने, उभ्याउभ्याच पिऊन टाकला.